मचाणाचे खांब आणि वहीतली नावे



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला तेव्हा मी 'मचाणाचे खांब' असे सांगितले. ते क्षणभर थांबले आणि मोठ्या समजूतदारपणे म्हणाले, "म्हणजे कामगार चळवळीचे आधारस्तंभ, असेच ना?" मी म्हणालो, नाही. मला खरोखरच लाकडाचे आणि बांबूचे खांब अभिप्रेत आहेत. त्यांवर फळ्या टाकून किंवा ताटी बांधून माणूस रात्रभर जनावराची वाट पाहत बसतो, ते खांब. चिटणीस भले गृहस्थ आहेत. त्यांनी विषय तसाच छापला. तरीही आपण एवढ्या संख्येने आलात, याबद्दल मी आपला ऋणी आहे.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. आठवीत शाळा सुटली आणि लाकडाच्या वखारीत हमालीला लागलो. पुढे हमालांची आणि जंगलात रोजंदारीवर राबणाऱ्या मजुरांची संघटना बांधण्यात उमेद खर्ची पडली. जे वाचले ते सार्वजनिक वाचनालयात आणि रात्रीच्या गाडीत वाचले. त्यामुळे माझा इतिहास सिंहासनाकडून सुरू होत नाही, खांबाकडून सुरू होतो. विद्वानांनी तो त्या बेताने घ्यावा.

हा विषय मला सुचला तो एका अपघातामुळे. काही वर्षांपूर्वी एका जंगलात पाणवठ्याजवळ मचाण बांधताना आमच्या संघटनेचा एक सभासद खाली पडला आणि त्याच्या मांडीचे हाड मोडले. भरपाईसाठी आम्ही अर्ज केला. चौकशीत पहिलाच प्रश्न आला, "हा मनुष्य तेथे काय करीत होता? हजेरीपटावर तर त्याचे नाव नाही." ज्या मचाणाचा खांब त्याने खांद्यावरून वाहून आणला, खड्डा खणून रोवला, ते मचाण समोर उभे होते. बांधणारा मात्र कागदावर कोठेच नव्हता. त्या दिवसापासून मी एक प्रश्न मनात धरून वाचू लागलो. मचाणावर कोण बसले हे पुस्तके सांगतात. मचाण बांधले कोणी?

प्रथम शब्द पाहू. मी ज्यावर उभा आहे त्याला आपण मंच म्हणतो. गडाच्या अंगाशी असलेल्या सपाटीला माची म्हणतो. खाटेला माचा म्हणतात. आणि शिकाऱ्याच्या उंच बैठकीला मचाण. ही सारी 'मञ्च' ह्या एकाच संस्कृत शब्दाची लेकरे. इंग्रज साहेबालाही ह्या बैठकीसाठी आपल्या भाषेत सोयीचा शब्द सापडला नाही. त्याने मचाण हा शब्दच उचलला आणि शिकारकथांतून तो इंग्रजी कोशात जाऊन बसला. शब्द देणारा आणि बैठक बांधून देणारा, दोघेही येथलेच.

परंतु हे लक्षात ठेवावे की मचाण मुळात शिकाऱ्याचे नव्हेच. ते शेतकऱ्याचे. ज्वारी निसवली, दाण्यात दूध भरले, की दिवसा पाखरे आणि रात्री रानडुकरे शेतावर तुटून पडतात. मग शेताच्या मध्यावर चार खांब रोवून माळा उभा राहतो. दिवसा बायकापोरे गोफण घेऊन माळ्यावर चढतात, रात्री घरचा कर्ता पुरुष डबडे वाजवीत बसतो. आमच्याकडे ह्या रात्रीच्या राखणीला जागल म्हणतात. माझी आई माळ्यावरून गोफण फिरवीत असे आणि मी खाली सावलीत झोपत असे, ही माझी पहिली आठवण आहे.

ह्या माळ्याची बांधणी पाहण्यासारखी असते, कारण तिच्यात पैसा कोठेच नसतो आणि अक्कल मात्र सर्वत्र असते. खांब म्हणजे मेढी. वरच्या टोकाला नैसर्गिक बेचके असलेले सागाचे किंवा ऐनाचे लाकूड निवडतात, म्हणजे आडवे लाकूड बेचक्यात आपोआप बसते आणि खिळा लागत नाही. पुरावयाचे टोक विस्तवावर भाजून काळे करतात. कोळसा झालेल्या लाकडाला वाळवी सहसा तोंड लावीत नाही. दोर विकत आणावयाचे नाहीत. आपट्याच्या सालीचा किंवा पळसाच्या मुळीचा वाख काढून ते वळावयाचे. वर बांबूची ताटी, तीवर कडबा. झाला माळा.

आता मुख्य अडचण. पीक वाढते, खांब वाढत नाही. पेरणीनंतर दोन महिन्यांनी कमरेएवढ्या ज्वारीवरून जे दिसते, ते कणसे डोक्यावर गेल्यावर दिसत नाही. शिवाय जमीन सारखी नसते. नाल्याच्या काठावर एक पाय हातभर खाली जातो आणि माळा कलतो. म्हणून खांब कमीजास्त करता आला पाहिजे. बाजारात आज लोखंडी नळीत नळी सरकवून, मध्ये कळ घालून उंची कमीजास्त करण्याचे खांब मिळतात आणि लोक त्यांना मोठा शोध समजतात. आमच्या संघटनेतील एका वृद्ध सभासदाने मला हीच युक्ती बांबूत करून दाखविली. त्याला एक पैचाही खर्च आला नाही. तो म्हणाला, "भाऊ, माणूस लहानाचा मोठा होते, तसा खांबही झाला पायजे."

त्याच्या दोन रीती होत्या. पहिली अगदी सोपी. खांबाच्या फांद्या छाटताना बुंध्याशी सपाट न छाटता वीतभर खुंट ठेवावयाचे. दर हातावर असा एक खुंट राहिला की आडवे लाकूड ह्या खुंटावरून त्या खुंटावर चढविता येते. तोच खांब माणसाला वर चढावयास शिडीही होतो.

दुसरी रीत अधिक हुशारीची. आपल्या जंगलांत बांबूच्या दोन मुख्य जाती आहेत. कळक जाड असतो आणि आतून पोकळ असतो. मानवेल बारीक असते आणि पुष्कळदा जवळजवळ भरीव असते. कळकाच्या आतले पडदे पहारीने फोडावयाचे आणि त्यात मानवेल सरकवावयाची. मग दोहोंतून आरपार भोक पाडून खैराची किंवा बाभळीची खुंटी ठोकावयाची. खुंटी काढली की खांब लांब किंवा आखूड होतो. मात्र भोक कोठे पाडावे ह्यात सारे मर्म आहे. दोन पेरांच्या मधोमध पाडले तर भार येताच बांबू उभा चिरतो. ते गाठीच्या लगत पाडावे आणि भोकाच्या वर व खाली ओल्या वाखाचे चार-पाच घट्ट वेढे द्यावेत. वाख वाळला की आवळतो.

बांबू तोडण्याचाही काळ ठरलेला. पावसाळा संपल्यावर, थंडीत, आणि जुनी माणसे म्हणतात तसे कृष्णपक्षात. पक्षाचे मला सांगता येत नाही. परंतु थंडीत बांबूत पिठूळ अंश कमी असतो, आणि भुंगा येतो तो त्या पिठासाठीच, एवढे वनस्पतिशास्त्रही सांगते. तोडलेला बांबू काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवला म्हणजे उरलेले पीठही धुऊन जाते. हे ज्ञान कोणत्याही विद्यापीठाने दिले नाही. ते पिढ्यानपिढ्या पडून, उठून, पुन्हा चढून मिळविलेले आहे.

शेतकऱ्याचे हे मचाण राजेलोकांच्या शिकारीला केव्हा लागले, ह्याची तारीख सांगता येणार नाही. शिकारीचे राजवैभव मात्र जुने आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या विहारासाठी एकाच दाराचे, खंदकाने वेढलेले मृगवन राखावे असे सांगितले आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. त्यात मृगया हा राजाच्या विनोदांपैकी एक म्हणून तपशिलाने वर्णिला आहे. मराठी पद्याचे जुने नमुने ह्या ग्रंथात आढळतात, म्हणून आपले अभ्यासक त्याचे नाव आदराने घेतात. मी तो दुसऱ्या कारणासाठी चाळला. खंदक कोणी खणले आणि रान कोणी हाकले हे मी शोधीत होतो. राजाचा आनंद पानोपानी होता. हाकणाऱ्याचे नाव मला मिळाले नाही.

ह्या सर्व राजांत एकच असा निघाला, की ज्याने शिकारीची वाट सोडली आणि तसे दगडावर कोरून ठेवले. अशोकाच्या आठव्या शिलालेखात म्हटले आहे की पूर्वीचे राजे विहारयात्रेस निघत, त्यात मृगया आणि तसलीच करमणूक असे. आपण मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीस गेलो आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाली. आपणांस नवल वाटेल, ह्याच आठव्या लेखाचा एक तुकडा आपल्या महाराष्ट्रात, सोपारा येथे, पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली मिळाला. आज तो मुंबईच्या संग्रहालयात आहे. मी तो पाहिला आहे. गर्दी पुढच्या दालनात होती, त्या दगडापुढे मी एकटाच होतो.

आता साहेबाच्या मचाणाकडे येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मागून गोळी भरण्याच्या बंदुका आल्या, लांबचा नेम खात्रीचा झाला, आणि वाघाची शिकार हा अंमलदारांचा, संस्थानिकांचा व त्यांच्या पाहुण्यांचा हिवाळी-उन्हाळी शिरस्ता बनला. रीती दोन होत्या. एक, टोणगा बांधून ठेवावयाचा, वाघाने तो मारला की त्या गाऱ्यावर मचाण बांधून बसावयाचे. दुसरी, हाका. पाच-पन्नास किंवा दोन-चारशे माणसे ढोल-डबे घेऊन रान घेरीत पुढे सरकतात आणि जनावराला मचाणाकडे लोटतात. बाजूच्या झाडांवरही माणसे बसवितात. वाघ वाट सोडू लागला तर त्यांनी टाळी वाजवून किंवा खोकून त्याला वळवावयाचे. साहेब दहा-पंधरा फूट उंचीवर भरलेली बंदूक घेऊन बसलेला, आणि हाकेकरी हातात काठी घेऊन वाघाच्या मागे जमिनीवर. गोळी चुकली, वाघ जखमी होऊन उलटला, तर तो कोणावर उलटत असेल हे सांगावयास नको.

ह्या शिकारीचे मचाण पुष्कळदा गावातील खाटच असे. कोणाच्या तरी घरातील बाज उचलावयाची, झाडाच्या बेचक्यात चार पाय दोरांनी आवळावयाचे, भोवती पाला बांधावयाचा. तो पालाही त्याच झाडाचा पाहिजे, नाहीतर कोमेजून रंग बदलतो आणि जनावर बिचकते. खिळा ठोकावयाचा नाही, कुऱ्हाडीचा आवाज होऊ द्यावयाचा नाही, दुपारच्या उन्हात दोन-तीन तासांत सारे आटोपावयाचे. मचाण बांधून झाले की बांधणाऱ्यांनी मोठ्याने बोलत निघून जावयाचे. माणसे गेली असे वाघाला वाटावे म्हणून. त्या रात्री ज्याची खाट नेली तो जमिनीवर निजे.

शिकारीची पुस्तके मी वाचली आहेत आणि ती गोडीने वाचली आहेत, हे कबूल करतो. जेम्स फोर्साइथ यांचे मध्य भारतातील डोंगरी मुलखावरील पुस्तक १८७१ चे, डनबार ब्रँडर यांचे मध्य प्रांतातील वन्य पशूंवरील पुस्तक १९२३ चे. त्या लोकांची नजर तीक्ष्ण होती. जनावरांविषयी त्यांनी पुष्कळ खरे लिहिले. वाघ मारल्यावर त्याच्या नाकाशी एक खुंटी आणि शेपटीच्या टोकाशी एक खुंटी ठोकून मधले अंतर मोजण्याची त्यांची पद्धत होती. वाघ फूट-इंचांत मोजला जाई. हाक्याची माणसे मात्र, अशा पुस्तकांतून मी वाचले तितक्यात, डोक्यांनी मोजलेली आढळतात. शंभर कुली, दोनशे कुली.

मारलेल्या वाघांची मोजदाद कोठे गेली, तेही पाहा. वाघ मारणाऱ्यास सरकार बक्षीस देत असे. अशा नोंदींवरून इतिहासकार महेश रंगराजन यांनी हिशोब केला, तो असा की १८७५ ते १९२५ ह्या पन्नास वर्षांत ऐंशी हजारांहून अधिक वाघ मारले गेले. त्यांत गावकऱ्यांनी मारलेलेही होते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु १९११ च्या डिसेंबरात पंचम जॉर्ज बादशहा नेपाळच्या तराईत गेले, तेव्हा दहा दिवसांत ३९ वाघ आणि १८ गेंडे पडले. सरगुजाच्या महाराजांच्या नावावर अकराशेहून अधिक वाघ सांगितले जातात. असल्या शिकारीला पीक राखण्याची सबब देता येत नाही.

ह्याच काळात दुसरी एक गोष्ट घडत होती. शेतकऱ्याचा खांब चोरीचा ठरत होता. १८६५ साली पहिला वनकायदा आला, १८७८ साली दुसरा आला. जंगलांचे राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे वर्ग पडले आणि राखीव जंगलात परवान्यावाचून कुऱ्हाड नेणे हा गुन्हा झाला. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ मध्ये लिहिला, त्यात जंगल खात्याने डोंगर-कुरणे गिळल्याचे दुःख आहेच. १९२७ च्या कायद्याने तर झाडाच्या व्याख्येत बांबूही घातला. वनस्पतिशास्त्र बांबूला गवत म्हणते. कायद्याने गवताचे झाड केले, आणि माळ्यासाठी चार बांबू तोडणारा शेतकरी आरोपी झाला.

आता हे दोन धागे एकत्र धरा. आपल्या पिकासाठी खांब तोडला तर दंड. साहेबाच्या मचाणासाठी तोच खांब, त्याच जंगलातून, त्याच माणसाने तोडला तर ती सरकारसेवा, आणि बहुतेक ठिकाणी फुकट. खांब एक, कुऱ्हाड एक, हातही एकच. कायदा काय तो निराळा. वेठ म्हणजे काय हे मला ह्या एका खांबावरून जितके कळले, तितके मोठमोठ्या ग्रंथांवरून कळले नव्हते.

लोकांनी हे मुकाट्याने सोसले असे नाही. १९३० च्या जंगल सत्याग्रहात लोकनायक अण्यांनी पुसदकडे राखीव जंगलातले गवत कापले. सांगलीकडील बिळाशीच्या गावकऱ्यांनी जंगलातले सागाचे झाड तोडून त्या खांबावर तिरंगा चढविला. चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी गोळ्या चालल्या. ठाणे जिल्ह्यात वारली बांधवांनी १९४५ साली वेठ नाकारली, आणि त्या लढ्यात १० ऑक्टोबरला तलवाड्यास जेठ्या गांगड पडला. ही नावे आपणांस ठाऊक आहेत, म्हणून मी येथे थांबत नाही.

मी थांबणार आहे ते दूर कुमाऊंच्या डोंगरात. कारण तेथील गोष्टीत माझ्या प्रश्नाचे उत्तर आहे.

कुमाऊंत वेठीचे तीन प्रकार होते. कुली-उतार म्हणजे नाममात्र मोबदल्यात ओझी वाहणे, कुली-बेगार म्हणजे फुकट वाहणे, आणि कुली-बर्दायश म्हणजे दौऱ्यावरच्या साहेबाला दूध, धान्य, जळण, गवत पुरविणे. साहेब महसूल मोजावयास येवो, जमीन पाहावयास येवो की शिकारीस येवो, ओझे गावाच्याच पाठीवर. आणि हे काम वाऱ्यावर चालत नसे. गावचा प्रधान एक वही ठेवीत असे. कोणाच्या घरची पाळी केव्हा, हे त्या वहीत लिहिलेले असे.

१४ जानेवारी १९२१ रोजी, मकरसंक्रांतीला, बागेश्वर येथे सरयू आणि गोमती यांच्या संगमावर उत्तरायणीची जत्रा भरली होती. बद्रीदत्त पांडे आणि त्यांचे सहकारी तेथे बोलले. हजारो डोंगरी लोकांनी सरयूचे पाणी हातात घेऊन शपथ घेतली की ह्यापुढे बेगार करणार नाही. आणि गावोगावच्या प्रधानांनी आपल्या काखेतल्या त्या वह्या काढून नदीत फेकून दिल्या. त्यानंतर ती प्रथा टिकली नाही.

मित्रहो, हे वाचले तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो. मी ज्यांची नावे शोधीत होतो, ती एकाच ठिकाणी लिहिलेली होती. वेठीच्या वहीत. आणि त्या माणसांनी आपली नावे स्वतः पाण्यात सोडली. माझ्यासारख्या शोध घेणाऱ्याचे नुकसान झाले खरे. परंतु असे नुकसान पुन्हापुन्हा व्हावे.

ह्याच कुमाऊंचे जिम कॉर्बेट आपणां सर्वांना परिचित आहेत. त्यांना मी इतरांच्या पंक्तीस बसवीत नाही. चंपावतच्या वाघिणीने ४३६ माणसे मारली होती. तिला त्यांनी १९०७ साली संपविले. रुद्रप्रयागचा बिबळ्या १२५ माणसांना भोवला होता. त्याच्यासाठी ते १९२६ साली गोलाबराय येथे यात्रेकरूंच्या वाटेवरील आंब्याच्या झाडावर मचाणात रात्रीमागून रात्री बसले आणि मे महिन्यात त्यांनी त्याला मारले. ते मचाण जागलीच्या माळ्याचेच नातेवाईक होते. त्याच्याखाली एक मुलूख निर्धास्त झोपू लागला. आमच्या हमाल मंडळींना आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. हे कॉर्बेट अनेक वर्षे गंगाकाठी मोकामाघाट येथे रेल्वेच्या मालाची चढउतार करणाऱ्या हमालांचे कंत्राटदार होते. त्या हमालांविषयी त्यांनी 'माय इंडिया' ह्या १९५२ च्या पुस्तकात आपुलकीने, आणि मुख्य म्हणजे नावानिशी, लिहिले आहे. ज्याने हमालांबरोबर दिवस काढले त्यालाच नावे आठवली.

पुढचा भाग थोडक्यात सांगतो. एफ. डब्ल्यू. चँपियन ह्या वनाधिकाऱ्याने बंदूक ठेवून कॅमेरा घेतला. वाघाच्या पायानेच तार ओढली जाऊन प्रकाश पडावा आणि छायाचित्र निघावे, अशी योजना त्याने केली, आणि १९२७ साली आपले पुस्तक काढले. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला, १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ प्रकल्पांत आपला मेळघाट होता. बंदूक मचाणावरून उतरली.

मचाण मात्र उतरले नाही. बुद्धपौर्णिमेच्या रात्री, उन्हाळ्याने पाणी आटलेले असताना, उरलेल्या पाणवठ्यांवर मचाणे बांधून जनावरे मोजण्याची रीत पडली. वाघांच्या देशव्यापी गणनेसाठी २००६ पासून कॅमेऱ्यांचा वापर होऊ लागला, तरी ह्या रात्रीची गोडी राहिली. मेळघाटात, ताडोब्यात शहरातील माणसे निसर्गानुभव म्हणून मचाणावर बसू लागली. हे मला चांगले वाटते. ज्या रात्रीचे नाव बुद्धाचे, त्या रात्री माणूस मचाणावर हात रिकामे ठेवून बसतो. सोपाऱ्याच्या दगडाला हे कळले असते तर तोही सुखावला असता.

आणि खांबाचे काय झाले? तोही थोडा मोकळा झाला. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू हे गौण वनोपज ठरविले आणि गावाला त्यावर हक्क दिला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा ह्या गोंड गावाने तो हक्क झगडून मिळविला. एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवानापुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. तीही एक वहीच. परंतु ती गावाच्या हाताने लिहावयाची वही होती. २०१७ साली कायदा सुधारला आणि वनाबाहेरचा बांबू झाड राहिला नाही. गवताला पुन्हा गवत होण्यास नव्वद वर्षे लागली.

आता मला माझ्या पडलेल्या सभासदाकडे परतले पाहिजे. तो पडला तो अशाच एका बुद्धपौर्णिमेच्या चार दिवस आधी. कंत्राटदाराने गेल्या वर्षीचे, भुंग्याने पोखरलेले बांबू पुन्हा दिले होते. जागा उताराची, म्हणून एक पाय सरकत्या खुंटीचा केला होता. घाईत कोणीतरी भोक पेराच्या मधोमध पाडले. तो वर ताटी बांधीत असताना बांबू चिरला. जी गोष्ट आमच्या वृद्ध सभासदाने मला बोट ठेवून दाखविली होती, नेमकी तीच. कंत्राटदाराने सांगितले की हा मनुष्य कामावर नव्हताच, भाऊबंदांना भेटावयास आला होता. हजेरीपट त्याच्या बाजूने बोलत होता, कारण हजेरीपट त्याच्याच घरी होता.

त्या वेळी १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा लागू होता. कायदा चांगला होता, परंतु कायद्याला नाव लागते. सहा मजूर साक्षीला उभे राहिले. त्यांतील चौघांना पुढच्या हंगामात काम मिळाले नाही, हेही नोंदवून ठेवतो. वीस महिन्यांनी भरपाई मिळाली. पुरी नाही मिळाली. तो आज लंगडत चालतो. परंतु त्या जंगलात आता मचाणाच्या कामावर जाणाऱ्या प्रत्येकाचे नाव सकाळी, कुऱ्हाड हातात घेण्यापूर्वी, पटावर चढते. आमची माणसे ते स्वतः वाचून पाहतात. ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांतील काही जण एवढ्यासाठी अक्षरे शिकले.

बागेश्वरला नावे पाण्यात सोडली तेव्हा माणसे मोकळी झाली, आणि आम्हाला मोकळे होण्यासाठी नाव वहीत चढवावे लागले. ह्यात विरोध आहे असे कोणास वाटेल. मला तसे वाटत नाही. वही कोणाच्या काखेत आहे आणि ती कोणाच्या कामास येते, एवढाच प्रश्न आहे. वेठीच्या वहीत नाव असणे ही गुलामी, मजुरीच्या वहीत नाव नसणे हीही गुलामीच.

माझी आपणांस एकच विनंती आहे. ह्या वैशाखात आपणांपैकी कोणी जंगलात मचाणावर बसाल. चांदणे असेल, पाणवठ्यावर सांबर येईल, कदाचित वाघही येईल. आपण अवश्य पाहावे. परंतु चढण्यापूर्वी क्षणभर खाली थांबून खांबाकडे पाहा. भोक गाठीच्या लगत आहे की नाही, वाख ओला बांधला होता की नाही, हे पाहा. आणि जवळ कोणी उभा असेल, तर हे कोणी बांधले म्हणून विचारा, आणि त्याचे नाव विचारा. तो प्रथम लाजेल. मग सांगेल.